प्रौढांचे व्यक्तिमत्त्व आणि मुखस्वास्थ्य : प्रश्नावलीच्या भाषेचा विचार

मनुष्याच्या स्वभावाचा त्याच्या दातांच्या स्थितीशी काही संबंध असतो काय, हा प्रश्न वरवर पाहता मानसशास्त्र आणि दंतवैद्यक या दोन शास्त्रांपुरता वाटतो. तथापि हा संबंध ज्या साधनांनी मोजला जातो, ती बहुतांशी भाषिक आहेत. व्यक्तिमत्त्व मोजावयाचे ते माणसाने स्वतःविषयी दिलेल्या उत्तरांवरून; आणि मुखस्वास्थ्याचाही मोठा भाग त्याने स्वतःच्या तोंडाविषयी केलेल्या निवेदनावरून. एकाच माणसाची ही दोन निवेदने परस्परांशी जुळली, तर जुळणारी गोष्ट दातांची स्थिती आहे की सांगण्याची धाटणी, हे तपासणे अगत्याचे ठरते.

व्यक्तिमत्त्वमापनाचा पाया शब्दकोशात आहे. माणसामाणसांतील जे भेद व्यवहारात महत्त्वाचे असतात त्यांना भाषा नावे देते, या धारणेने गॉल्टनने १८८४ मध्ये इंग्रजीतील स्वभाववाचक शब्दांची मोजदाद करून पाहिली. १९३६ मध्ये ऑलपोर्ट व ऑडबर्ट यांनी वेब्स्टरच्या कोशातून असे १७,९५३ शब्द वेचले. अशा शब्दांच्या सांख्यिकीय वर्गीकरणातून पुढे बहिर्मुखता, सौजन्य, कर्तव्यदक्षता, भावनिक अस्थैर्य आणि नव्या अनुभवांविषयीची ग्रहणशीलता हे पाच घटक बहुमान्य झाले. मुखस्वास्थ्याच्या क्षेत्रात स्लेड व स्पेन्सर यांनी १९९४ मध्ये ४९ प्रश्नांची एक परिणामदर्शक प्रश्नावली रचली आणि १९९७ मध्ये स्लेडने ती १४ प्रश्नांत संक्षिप्त केली. दातांमुळे, तोंडामुळे वा कवळीमुळे शब्द उच्चारताना त्रास होतो काय, दुखते काय, मनावर ताण येतो काय, इतरांवर चिडचीड होते काय, असे हे प्रश्न आहेत.

अडचण येथेच उद्भवते. ताण आणि चिडचीड ही तर भावनिक अस्थैर्याचीही लक्षणे होत. एकच आशय दोन्ही प्रश्नावल्यांत आल्यावर त्यांच्या गुणांत सहसंबंध दिसणे स्वाभाविक आहे. तेवढ्यावरून स्वभावामुळे दात किडतात असे अनुमान काढता येत नाही.

या दृष्टीने न्यूझीलंडमधील ड्युनेडिन येथील अभ्यास उद्बोधक आहे. त्या शहरात १९७२-७३ मध्ये जन्मलेल्या मुलांचा मागोवा संशोधकांनी पुढे प्रौढपणीही घेतला. त्यांपैकी ९१६ व्यक्तींचे वयाच्या २६ व्या वर्षी नोंदलेले व्यक्तिमत्त्व आणि ३२ व्या वर्षीचे मुखस्वास्थ्य यांची तुलना २०११ मध्ये प्रसिद्ध झाली. प्रतिकूल भावनांकडे अधिक कल असलेल्यांनी तोंडाच्या तक्रारी अधिक सांगितल्या. आणि दातांची प्रत्यक्ष स्थिती हिशेबात घेऊन तिचा प्रभाव वगळल्यावरही हा फरक उरला. म्हणजे स्वभाव निवेदनाला वळण देतो. परंतु अशा व्यक्तींत किडीमुळे निदान एक दात गमावण्याचा आणि दातांचे तीन वा अधिक पृष्ठभाग किडलेले असण्याचा संभवही अधिक होता. ही गणना तपासणाऱ्याने केलेली होती, उत्तर देणाऱ्याने नव्हे. तेव्हा संबंध केवळ शाब्दिक आहे, असेही म्हणता येत नाही.

स्वभाव दातांपर्यंत पोहोचतो तो मुख्यतः आचरणाच्या द्वारे. १९६५ मध्ये लो व त्याच्या सहकाऱ्यांनी डेन्मार्कमध्ये निरोगी हिरड्यांच्या १२ व्यक्तींना दात घासणे थांबविण्यास सांगितले; १० ते २१ दिवसांत सर्वांच्या हिरड्या सुजल्या, आणि स्वच्छता पुन्हा सुरू होताच पूर्ववत झाल्या. जे नित्यकर्म सुटल्याचा परिणाम इतक्या लवकर दिसतो, तेथे कर्तव्यदक्षतेला वाव आहे हे उघड होय. भीतीचा मार्ग निराळा आहे. भित्रा मनुष्य दंतवैद्याकडे जाणे टाळतो, टाळल्याने रोग बळावतो, बळावलेल्या रोगाचा उपचार अधिक क्लेशदायक होतो, आणि मूळची भीती खरी ठरते.

मात्र प्रत्येक सवय व्यक्तीच्या स्वभावातून येत नाही. महाराष्ट्रात अनेक स्त्रिया मिश्री लावतात. तंबाखू ‘खाल्ली’ जाते, मिश्री ‘लावली’ जाते. या क्रियापदभेदामुळे ‘तुम्ही तंबाखू खाता काय?’ या प्रश्नास अशा स्त्रीने प्रांजळपणे नकार दिला, तर ते असत्यकथन नव्हे. दोष प्रश्नाच्या शब्दयोजनेचा आहे.

भाषांतरात ही सावधगिरी अधिकच लागते. मूळ इंग्रजी प्रश्नावलीत स्वतःविषयीची अवघडलेली जाणीव आणि चारचौघांत वाटणारी ओशाळवाणी भावना यांवर दोन स्वतंत्र प्रश्न आहेत. मराठी बोलण्यात दोहोंसाठी ‘संकोच’ किंवा ‘लाज’ हाच शब्द सहज येतो, आणि लाजेला मर्यादशीलतेचा अर्थही आहे. हसताना पदर तोंडावर घेणारी स्त्री पडलेला दात झाकते की रीत पाळते, हे ‘लाज वाटते काय?’ या प्रश्नाने कळणार नाही.

उच्चाराचा प्रश्न मात्र या चौदांत वेगळा आहे, कारण त्याचे उत्तर ऐकणाऱ्यालाही पडताळता येते. मराठीत त, थ, द, ध हे दंत्य वर्ण आहेत. शिवाय ‘चार’ या संख्येतील तालव्य च आणि ‘चारा’ यातील दंततालव्य च, तसेच ‘जग’ या नामातील आणि ‘जगणे’ या क्रियापदातील ज, असे भेद आहेत. पुढचे दात गेलेल्या किंवा नवी कवळी बसविलेल्या व्यक्तीकडून असे शब्द वदवून घ्यावेत, ध्वनिमुद्रित करावेत, आणि वक्त्याची उत्तरे ज्याला ठाऊक नाहीत अशा श्रोत्याने ते पारखावेत. सांगितलेली अडचण आणि ऐकू येणारी अडचण यांतील अंतर त्यामुळे मोजता येईल. या अंतराचे महत्त्व व्यावहारिकही आहे. केवळ निवेदनावर विसंबल्यास तक्रारखोर ठरलेल्या माणसाचे खरे दुखणे स्वभावाच्या खाती मांडले जाते, आणि मुकाट सोसणाऱ्याचा रोग कोणाच्याच खाती येत नाही.