वीतभर उंचीचा अडसर

नोव्हेंबरचा पाऊस लागला आहे. अमेरिकेच्या वायव्य कोपऱ्यातल्या वॉशिंग्टन राज्यात एक ओढा फुगून वाहतो आहे. हमरस्त्याखालच्या मोरीतून धार बाहेर पडते आणि खालच्या डोहात कोसळते. त्या डोहातून कोहो जातीचा सॅमन उसळी मारतो, मोरीच्या कडेला थडकतो, खाली पडतो. पुन्हा उसळी. त्याच्या नाकाडाची कातडी सोलवटली आहे.

या माशाकडे वेळ थोडा असतो. (आपण रावसाला ‘इंडियन सॅमन’ म्हणतो, पण दोघांचे नाते काही नाही.) कोहो अशाच एखाद्या ओढ्यात जन्मतो, वर्षभर तिथे वाढतो, मग साधारण दीड वर्ष समुद्रात काढतो आणि वासाचा माग काढत जन्मगावच्या पाण्यात परततो. गोड्या पाण्यात शिरल्यावर तो जवळपास काही खात नाही. अंडी घातली की मरतो. अंगात साठवलेल्या चरबीवरच सगळा प्रवास करायचा असतो, आणि वाया गेलेली प्रत्येक उसळी त्यातूनच वजा होते.

मोरी बांधणाऱ्याने हिशेब केला तो फक्त पाण्याचा. रुंद ओढा अरुंद नळीत कोंबला की त्याचा वेग वाढतो. ती धार पलीकडची वाळू आणि गोटे खरवडून नेते. दर पावसाळ्यात ओढ्याचा तळ खचत जातो, मोरी मात्र होती तिथेच राहते, आणि काही वर्षांत तिचे तोंड हवेत लटकू लागते. आत गुळगुळीत काँक्रीट असते. आडोशाला थांबून दम घ्यावा असा एक दगडही नसतो.

तिथल्या मत्स्य विभागाच्या तपासणीत मोरीपाशी पाण्याची पातळी 24 सेंटिमीटर किंवा त्याहून जास्त खाली पडत असेल, तर ती मोरी अडसर ठरते. 24 सेंटिमीटर म्हणजे आपली एक वीत. पुरेसा खोल डोह असेल तर मोठा कोहो याहून कितीतरी उंच उडतो, पण चम जातीचा सॅमन उडीत कच्चा असतो. शिवाय बोटभर पिल्लांनाही पुराच्या वेळी किंवा उन्हाळ्यात पाणी तापल्यावर ओढ्यात वर-खाली सरकावे लागते. त्यांच्यासाठी ती वीत म्हणजे भिंतच.

या मोऱ्यांचा वाद थेट सर्वोच्च न्यायालयात गेला, आणि त्याचे मूळ 1854-55 मधल्या करारांत होते. मूलनिवासी जमातींनी आपल्या जमिनी दिल्या, पण नेहमीच्या जागी मासे धरण्याचा हक्क राखून ठेवला. तो हक्क मागताना निस्क्वाली जमातीच्या बिली फ्रँक ज्युनियर यांना पन्नासहून जास्त वेळा अटक झाली. 1974 मध्ये न्यायाधीश जॉर्ज बोल्ट यांनी जमातींना धरण्याजोग्या माशांतला निम्मा वाटा दिला. पण ओढ्यात मासाच पोहोचत नसेल, तर निम्मा वाटा कशाचा? हा प्रश्न घेऊन 2001 मध्ये 21 जमाती आणि अमेरिकेचे केंद्र सरकार राज्याविरुद्ध न्यायालयात गेले. 2013 मध्ये न्यायाधीश रिकार्डो मार्टिनेझ यांनी मोऱ्या बदलण्याचा हुकूम दिला. 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयात मते चार विरुद्ध चार अशी पडली, आणि खालचा निकाल कायम राहिला. राज्याच्या मोऱ्यांमुळे अडलेल्या अधिवासापैकी 90 टक्के 2030 पर्यंत मोकळा करायचा आहे. खर्च अब्जावधी डॉलरचा आहे. मला तो जास्त वाटत नाही, कारण ते दीडशे वर्षांचे देणे आहे.

नवी रचना डोक्यात ठेवावी अशी सोपी आहे. रस्त्याखाली नळी घालायचीच नाही, ओढा तसाच पुढे न्यायचा. ओढा काठोकाठ भरल्यावर जेवढा रुंद असतो त्याच्या 1.2 पट, आणि वर दोन फूट, इतकी जागा सोडायची. दहा फुटी ओढ्याला चौदा फूट. आत खरेखुरे गोटे आणि वाळू पसरायची, ओढ्याचा उतार तोच राखायचा. मग पूर आला तरी तळ खरवडला जात नाही, आणि वाहून आलेली झाडेही तोंडाशी अडकून रस्ता फोडत नाहीत.

पण हा हुकूम राज्याच्या मोऱ्यांपुरताच आहे. त्याच ओढ्यावर आणखी वर स्थानिक रस्त्याची किंवा खासगी वाटेची जुनी मोरी असते. शिवाय टायरच्या झिजेतून उतरणारे एक रसायन पावसासोबत ओढ्यात येते आणि कोहो काही तासांत मरतात, हे 2020 मध्ये उघड झाले.

कोकणात पहिल्या पावसात मासे असेच वर चढतात. वलगण म्हणतात त्याला. अंडी घालायला मासा ओढ्यातून थेट भातखाचरात शिरतो. आमच्या गावाजवळ रस्ता रुंद झाला तेव्हा वहाळावरची दगडी मोरी गेली आणि सिमेंटचे दोन पाइप आले. गेल्या जूनमध्ये मी पाइपाखाली वाकून वीत लावून पाहिली. पाइपाच्या कडेपासून पाण्यापर्यंत तीन विती भरल्या. खालच्या खळग्यात मासे दाटले होते, आणि काठावर पागाचे जाळे घेऊन दोघे उभे होते.