राणीच्या हाराचे मणी केवढे?

दिवेलागणीची वेळ. गिरगाव चौपाटीवर एक मॉडेल उभी आहे आणि तिच्या पाठीमागे नरिमन पॉइंटपर्यंत वळत गेलेले मरीन ड्राइव्हचे दिवे, म्हणजे मुंबईकरांचा राणीचा हार. फोटोत तिच्या पापणीचा केस न् केस मोजून घ्यावा इतका स्पष्ट. दिव्यांच्या जागी मात्र तेजाच्या गोल टिकल्या. फोटोतल्या चेहऱ्याच्या मापाने या टिकल्या मोजल्या, तर केवढ्या भरतील?

लेन्सच्या भोकाएवढ्या. ना कमी, ना जास्त!

या भोकाला अ‍ॅपर्चर म्हणतात. फोकल लेंग्थला एफ-नंबरने भागलं की त्याचा व्यास मिळतो. पोर्ट्रेटसाठी लाडकी असलेली ८५ मिलिमीटर फोकल लेंग्थची लेन्स एफ १.८ वर ठेवली, तर भोक सुमारे ४७ मिलिमीटरचं. फार लांबच्या दिव्याचे किरण आपल्यापर्यंत येताना जवळजवळ समांतर झालेले असतात. त्यामुळे भोकात शिरणारा त्यांचा झोत चेहऱ्याजवळून जातानाही ४७ मिलिमीटरच रुंद असतो. फोकस चेहऱ्यावर असल्याने तिथली ही रुंदीच टिकली होऊन उमटते. मॉडेल दोन मीटरवर असो की तीन, चेहऱ्याच्या मानाने टिकली तेवढीच. तीच लेन्स एफ ८ वर नेली की टिकली जेमतेम ११ मिलिमीटरची होते.

टिकलीचा आकारही भोकाचाच. आतल्या पात्यांनी भोक षटकोनी केलं, तर दिवे षटकोनी दिसतात. काळ्या कागदात छोटा बदाम कापून तो लेन्सवर बसवा, हाराचा एकेक मणी बदाम होतो. चेहऱ्यामागे झळकत असतं ते खरं तर लेन्सच्या दाराचं चित्र, दिव्यागणिक एकेक.

एवढं मोठं दार उघडायचं, तर त्याची किंमत मोजावी लागते. दोन मीटरवरच्या चेहऱ्यासाठी एफ १.८ वर जेमतेम सहा सेंटिमीटर जाडीचा पट्टा स्पष्ट राहतो. समोरून काढलेल्या फोटोत डोळे आणि कान दोन्ही त्यात मावत नाहीत. एक मीटरवर आलात, तर पट्टा दीड सेंटिमीटरचा. डोळ्यावर फोकस धरला की नाकाचा शेंडाही निसटतो. म्हणून चेहरा जरा वळलेला असला, की फोकस कॅमेऱ्याजवळच्या डोळ्यावर धरायचा हा नेम. मॉडेल श्वासाबरोबर किंचित पुढे झुकली, तरी पट्टा पापणीवरून सरकून कानाकडे जातो. छायाचित्रकार गौतम राजाध्यक्ष (१९५०–२०११) यांनी हिंदी-मराठी चित्रपटसृष्टीतल्या तारे-तारकांच्या छायाचित्रांचं पुस्तक केलं, त्याचं नाव ‘चेहरे’. चेहऱ्यावर काम करणाऱ्याचं सगळं राज्य या काही सेंटिमीटरांचं.

चौपाटीवर मागे मोकळं अंतर आहे. दादर-परळच्या खोलीत ते कुठून आणायचं? मॉडेल दोन मीटरवर असेल आणि भिंत तिच्यामागे एकच मीटर, तर भिंतीवरचा ठिपका भोकाच्या एक तृतीयांश, म्हणजे १६ मिलिमीटरपर्यंतच पसरतो. भिंत दोन मीटर मागे गेली, तर निम्म्यापर्यंत. मॉडेल भिंतीला टेकली, तर कितीही महागडी लेन्स आणा, रंगाचे पोपडे दिसणारच. ‘भिंत सोडून जरा पुढे या’ या फोटोग्राफरच्या साध्या वाक्यात प्रकाशशास्त्राचा अख्खा धडा आहे.

जिथे अंतर अपुरं, तिथे उजेड कामाला येतो. फाळणीनंतर कराचीहून आलेल्या जे. एच. ठक्कर यांनी १९४८ मध्ये दादरला ‘इंडिया फोटो स्टुडिओ’ थाटला. नर्गिस, राज कपूर, देव आनंद यांचे त्यांनी टिपलेले कृष्णधवल चेहरे पाहा. चेहऱ्यावर नेमका प्रकाश, केसांच्या कडेवर उजळ रेघ आणि बाकी सगळं गडद सावलीत. मागचं धूसर करण्याऐवजी अंधारात बुडवलं, तरी नजर चेहऱ्यावरच खिळते.

मोबाइलची अडचण आता उघड होते. त्याच्या मुख्य लेन्सचं भोक काही मिलिमीटरचंच, म्हणून लांबचा दिवाही तेवढीच टिकली देतो. मग ‘पोर्ट्रेट मोड’ माणूस कुठे संपतो आणि मागचं कुठे सुरू होतं याचा अंदाज बांधतो आणि मागचं गणिताने पुसट करतो. हा अंदाज कुठे फसतो ते पाहायचं असेल, तर लालबागच्या गणेशोत्सवात मोबाइलवर काढलेलं एखादं पोर्ट्रेट मोठं करून बघा. गोल बाळीच्या आतून दिसणारी रोषणाई पुष्कळदा तशीच स्पष्ट राहिलेली असते. मोबाइलने तिलाही कानाचाच भाग मानलेलं असतं. मोठ्या लेन्सला बाळी म्हणजे काय आणि कान म्हणजे काय, काहीच ठाऊक नसतं. तिला फक्त अंतर कळतं, आणि म्हणूनच ती चुकत नाही.