पदवी माझी, वेळ तिचा

कालनिर्णयचं पान उलटलं, की आमच्या घरी एक काम ठरलेलं असे. बायको तांबड्या पेनानं प्रत्येक आठवड्यावर माझी पाळी लिहायची : पहिली, दुसरी, रात्रपाळी. जून आणि डिसेंबरच्या पानांवर आणखी एक शब्द असायचा : परीक्षा. १९९० ते १९९७ अशी सात वर्षं आमचे सण, लग्नकार्यं, तिचं माहेरपण, सगळं या शब्दांमधून उरलेल्या जागेत बसवलं गेलं.

मी मेकॅनिकलचा डिप्लोमा झालेला. वडील निवृत्त व्हायच्या आत घरात पगार यावा म्हणून पिंपरीतल्या एका कारखान्यात लागलो. डिग्री घेऊन आलेल्या मुलांना मशीन मी शिकवायचो आणि दोन वर्षांत तीच मुलं माझे साहेब व्हायची. राग त्यांचा नव्हता. पण रात्री झोप लागत नसे.

नोकरी सोडून शिकणं परवडणारं नव्हतं. एका वडीलधाऱ्या सहकाऱ्यानं एएमआयईचा रस्ता दाखवला. इन्स्टिट्यूशन ऑफ इंजिनिअर्स ही १९२० साली स्थापन झालेली संस्था. तिच्या 'अ' आणि 'ब' या दोन्ही विभागांच्या परीक्षा उत्तीर्ण झालं, की ते इंजिनिअरिंगच्या पदवीच्या बरोबरीचं मानलं जाई. कॉलेज नाही, हजेरी नाही, एकेक-दोनदोन विषय घेऊन बसायची मुभा. ऐकायला किती सोपं! पण शिकवणारं कोणी नाही आणि 'आज अभ्यास केला का?' असं विचारणारंही कोणी नाही.

शिवाजीनगर ते पिंपरी लोकलमध्ये मी पुस्तक उघडायचो आणि बहुतेक वेळा दापोडीपर्यंत डोळे मिटायचे. फ्लुइड मेकॅनिक्समध्ये तीनदा नापास झालो. तिसऱ्यांदा पुस्तकं रद्दीत द्यायला काढली होती. त्याच आठवड्यात रात्रपाळीला हायड्रॉलिक प्रेस जोर धरेना. गेजचा काटा १०० बारवर जायचा, तो ६० वर अडकलेला. फिटर सील बदलेपर्यंत मी खडूनं फरशीवर हिशेब मांडला : २०० मिलिमीटर व्यासाचा रॅम, १०० बार दाब, म्हणजे सुमारे ३२ टन जोर. ६० बारला जेमतेम १९ टन. वर्षानुवर्षं हाताखालून गेलेलं ते यंत्र त्या रात्री मला पहिल्यांदा कळलं. पुढच्या खेपेस पेपर सुटला.

१९९७ मध्ये शेवटचा निकाल आला. बढतीच्या अर्जाला जोडायला जुनी प्रमाणपत्रं शोधताना ट्रंकेत मुक्त विद्यापीठाची माहितीपुस्तिका सापडली. आत अर्धा भरलेला अर्ज, बायकोच्या अक्षरात, १९९२ सालचा. एस.वाय. झाल्यावर आमचं लग्न झालं आणि तिचं बी.ए. तिथंच थांबलं होतं.

"भरला का नाहीस?"

"तुमच्या परीक्षा संपू देत, म्हटलं," ती म्हणाली आणि कपड्यांच्या घड्या घालू लागली.

आज ओळखीची मुलं सल्ला विचारायला येतात. त्यांना सांगतो, आमचा रस्ता आता तसा राहिलेला नाही. ३१ मे २०१३ पर्यंत नाव नोंदवलेल्यांनाच एएमआयई पदवीच्या बरोबरीचं धरलं जातं. मात्र एआयसीटीईनं २०२३-२४ पासून नोकरदारांसाठी सोयीच्या वेळेत पदवीचे वर्ग चालवायला महाविद्यालयांना परवानगी दिली आहे. डिप्लोमा असेल तर थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश मिळतो. तेव्हा चौकशी करा, मान्यता तपासा, मगच फी भरा. आणि निघताना एक प्रश्न मी हमखास विचारतो : "घरी कुणाचं काही राहिलंय का रे?"

१९९८ च्या कालनिर्णयवर 'परीक्षा' हा शब्द मी लिहिला. संध्याकाळचा कुकर लावायला शिकलो. पहिल्या दिवशी भात करपला. वास घरभर पसरला, पण तिनं पुस्तकातून मान वर केली नाही.