पाळायला चपळ साप: समज आणि वस्तुस्थिती

अमेरिकेत आणि इंग्लंडमध्ये साप पाळणे ही रुळलेली हौस आहे. पहिल्यांदाच साप घेणाऱ्याला तिथे बहुधा बॉल पायथन किंवा कॉर्न स्नेक सुचवला जातो. दोन्ही बिनविषारी आणि हाताळायला सोपे. बॉल पायथन घरी आणला की काही दिवसांतच तक्रार ऐकू येते, की हा तर दिवसभर लपूनच बसतो. यात सापाचा काहीच दोष नाही. घेताना रंग पाहिला जातो, किंमत विचारली जाते, पण हा साप आपले पोट कसे भरतो हे कुणी विचारत नाही. तो किती हिंडणार, हे मुख्यतः त्यावरूनच ठरते.

समज: साप जात्याच सुस्त असतात

काही साप दबा धरून शिकार करतात. बॉल पायथन त्यातलाच. पश्चिम आणि मध्य आफ्रिकेत तो बिळांत आणि वारुळांत राहतो आणि भक्ष्य टप्प्यात येईपर्यंत हलत नाही. तो काही महिने सहज उपाशी राहू शकतो. दुसऱ्या गटातले साप भक्ष्याच्या शोधात हिंडतात, फटी धुंडाळतात, जीभ सतत आतबाहेर करत वास घेतात. आपली धामण अशीच दिवसा फिरणारी शिकारी आहे. पाळीव सापांत गार्टर स्नेक आणि किंगस्नेक हे हिंडणारे साप. कॉर्न स्नेकही बराच फिरतो, चढतो, पण मुख्यतः संध्याकाळी आणि रात्री.

मला विचाराल तर दिवसाउजेडी साप पाहायचा असेल, तर गार्टर स्नेकइतका चांगला पर्याय क्वचितच सापडेल. उत्तर अमेरिकेतला हा सडपातळ साप सहसा मीटरभराच्या आतच राहतो. तो थेट पिल्लांना जन्म देतो, पाण्यात उतरतो आणि काचेपाशी माणूस आला की बघायला पुढे येतो. कॅनडात मॅनिटोबातल्या नार्सिस इथे दर वसंतात हजारो गार्टर स्नेक चुनखडीच्या भेगांतून बाहेर पडतात. कॅनडातच झालेल्या आणि 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात असे दिसले, की हे साप ठरावीक सोबत्यांजवळ राहणे पसंत करतात. साप एकलकोंडाच असतो, ही समजूतही त्यामुळे ढिली होते. याउलट किंगस्नेक मात्र एकटाच ठेवावा लागतो, कारण इतर साप हे त्याचे नेहमीचे खाद्य आहे.

गार्टर स्नेकच्या आहाराकडे नीट लक्ष द्यावे लागते. तो गांडुळे, मासे, बेडूक खातो, आणि सवय लावली तर उंदराची पिल्लेही. गोल्डफिशसारख्या काही माशांत ब-1 जीवनसत्त्व नष्ट करणारे विकर असते. तेच मासे रोज दिले तर सापाला झटके येऊन तो मरूही शकतो. गांडूळखतासाठी वापरतात ती लाल गांडुळेही त्याला देऊ नयेत.

समज: सतत फिरतोय म्हणजे मजेत आहे

हा समज मला सर्वांत घातक वाटतो. बिळात शिरणे, फांदीवर चढणे, नवी वस्तू हुंगणे ही निरोगी हालचाल. पण काचेला नाक घासत तासन्‌तास एकाच कडेने येरझारा घालणे हे बऱ्याचदा त्रासाचे लक्षण असते. उष्णता फार झालेली असते, लपायला जागा नसते किंवा पेटी अपुरी असते. कधी भूक किंवा विणीचा काळ हेही कारण असते. म्हणून आधी तापमान मोजावे. कॉर्न स्नेकच्या पेटीत एक टोक 30 अंश सेल्सिअसच्या आसपास आणि दुसरे 22 ते 24 अंशांवर हवे, म्हणजे त्याला हवी ती जागा निवडता येते.

समज: लहान पेटीत साप लहानच राहतो

साप पेटीच्या मापाने वाढत नाही. अडचणीच्या जागेत त्याचे स्नायू आणि प्रकृती बिघडते, एवढेच होते. निदान पूर्ण ताठ पसरता येईल इतकी लांबी त्याला मिळायलाच हवी, आणि हिंडणाऱ्या जातीला त्याहून जास्त. झाकण मात्र पक्के हवे. बोटभर फटही गार्टर स्नेकला पुरते.

समज: रोज हाताळला की साप माणसाळतो

सापाला हाताची सवय होते, लळा लागतोच असे नाही. चपळ साप हातात स्थिर राहत नाही, घाबरला तर दुर्गंधी सोडतो. अमेरिकेतला कोचव्हिप हा अतिशय वेगवान साप पाहायला देखणा असला, तरी बंदिवासात त्याचे हाल होतात. तो पाळूच नये. कोणत्याही सापाच्या अंगावर साल्मोनेला जिवाणू असू शकतात, म्हणून हाताळल्यावर साबणाने हात धुवावेत. पाच वर्षांखालील मुलांच्या घरी सरपटणारे प्राणी ठेवू नयेत, असा अमेरिकी आरोग्य यंत्रणेचा सल्ला आहे.

समज: कंटाळा आला तर रानात सोडून देता येतो

कॉर्न स्नेक पंधरा-वीस वर्षे जगतो. सेंट लुईसच्या प्राणिसंग्रहालयातल्या साठी उलटलेल्या बॉल पायथनने 2020 मध्ये अंडी घातली होती. इतकी वर्षे सांभाळणे झेपले नाही, की काही लोक साप बाहेर सोडतात. फ्लोरिडाच्या एव्हरग्लेड्समध्ये बर्मीज पायथनने आणि ग्रान कॅनारिया बेटावर कॅलिफोर्निया किंगस्नेकने स्थानिक प्राण्यांचा जो संहार केला, त्याचे मूळ पाळीव सापांतच आहे.

कायदाही प्रत्येक ठिकाणी वेगळा. हवाईत आणि न्यूझीलंडमध्ये कोणताच साप पाळता येत नाही. ऑस्ट्रेलियात परवाना घेऊन देशी साप ठेवता येतात, पण कॉर्न स्नेक ठेवणे गुन्हा आहे. भारतात 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे धामण, नाग, अजगर असे आपले साप घरी ठेवता येत नाहीत. आंतरराष्ट्रीय व्यापारबंधनांच्या यादीतल्या बॉल पायथनसारख्या परदेशी जाती ठेवणाऱ्यांना 2024 च्या नियमांनुसार परिवेश पोर्टलवर नोंदणी बंधनकारक आहे. धामण अंगणात आली तर तिला डब्यात कोंडू नका. वनविभागाच्या 1926 या क्रमांकावर फोन करा आणि सर्पमित्र येईपर्यंत लांबून लक्ष ठेवा.