दुर्बिणीत चाँद फाटलेला दिसतो? दुर्बिणीआधी डोळ्याचा नंबर बघा

शाबानची २९ तारीख आली की आपल्या किनाऱ्यावरच्या गावांत मगरिबच्या वेळी सगळ्यांच्या नजरा पश्चिमेकडे लागतात. मुरूड असो, श्रीवर्धन असो, समोर अरबी समुद्राचं सपाट क्षितिज. मध्ये डोंगर नाही, इमारत नाही. चाँद बघायला यापेक्षा चांगली जागा कुठली? आता काही घरांत, काही शाळांत लहान दुर्बिणीही आल्या आहेत. ही आनंदाची गोष्ट आहे. पण दुर्बीण आली म्हणजे सगळ्यांना दिसलंच, असं होत नाही. ते आम्हाला एका विद्यार्थिनीने शिकवलं.

शाळेच्या गच्चीवर आम्ही मुलांना चार दिवसांचा चाँद दाखवत होतो. रांग मोठी, मागची मुलं घाई करत होती. आठवीतली एक मुलगी पुढे आली. चष्मा आयपीसला टेकत होता म्हणून तिने तो काढून हातात धरला. डोळा लावला आणि म्हणाली, "सर, चाँदाची कड दोन-दोन दिसते." मागची मुलं हसली. ती गप्प झाली आणि बाजूला सरकली. नंतर आम्ही तिला एकटीला विचारलं, तेव्हा तिने सांगितलं, "सर, मागच्या वेळीही नीट दिसलं नव्हतं. सगळे 'मस्त दिसतो' म्हणत होते, म्हणून मीही म्हटलं."

हे ऐकून आम्हालाच वाईट वाटलं. मुलगी खरं बोलली तेव्हा हसं झालं, खोटं बोलली तेव्हा कुणाच्या लक्षातही आलं नाही. दुसऱ्या दिवशी तिच्या अम्मीकडून चष्म्याचा कागद मागवला. त्यावर उजव्या डोळ्यासमोर 'सिलिंडर' या रकान्यात उणे २.२५ लिहिलेलं होतं. डाव्या डोळ्यासमोर उणे ०.५०. सगळं उत्तर त्या दोन आकड्यांत होतं.

सिलिंडर नंबर म्हणजे काय?

चष्म्याच्या कागदावर साधारण तीन रकाने असतात. पहिला स्फेरिकल, म्हणजे साधा नंबर: लांबचं दिसत नाही किंवा जवळचं दिसत नाही, तो. दुसरा सिलिंडर. तिसरा अ‍ॅक्सिस, म्हणजे तो सिलिंडर कोणत्या कोनात बसवायचा ते, १ ते १८० अंशांपर्यंत. सिलिंडरच्या रकान्यात आकडा असेल तर त्या डोळ्यात अ‍ॅस्टिग्मॅटिझम आहे.

समजायला सोपं आहे. डोळ्याच्या पुढचा पारदर्शक पडदा सगळ्या बाजूंनी सारखा गोल असेल, तर तो एखाद्या चेंडूच्या तुकड्यासारखा असतो. आता चमच्याची पाठ बघा. लांबीच्या बाजूने बाक कमी, रुंदीच्या बाजूने जास्त. अ‍ॅस्टिग्मॅटिझम असलेल्या डोळ्याचा पडदा थोडा या चमच्यासारखा असतो. त्यामुळे उभ्या दिशेचा उजेड एका ठिकाणी जुळतो आणि आडव्या दिशेचा दुसऱ्या ठिकाणी. एक बिंदू बिंदू राहत नाही, त्याची रेघ होते.

म्हणूनच दुर्बिणीचं फोकसचं चाक इथे कामाला येत नाही. साधा नंबर कितीही असो, उणे पाच असला तरी, चाक फिरवलं की तो दुर्बीण भरून काढते. अशा माणसाने चष्मा बाजूला ठेवून खुशाल बघावं. पण सिलिंडर नंबर असेल तर चाक एका जागी आणलं की उभ्या रेषा स्पष्ट होतात, दुसऱ्या जागी आणलं की आडव्या. दोन्ही एकाच वेळी होत नाहीत. मुलं चाक फिरवत राहतात आणि शेवटी कंटाळून म्हणतात, "दिसला."

दोष डोळ्याचा की दुर्बिणीचा?

ही तपासणी कुणीही करू शकतं. चष्मा काढा, सर्वात कमी मोठं करून दाखवणारं आयपीस लावा (ज्यावर २५ किंवा ३० मिलिमीटर असा मोठा आकडा असतो ते), आणि एखादा ठळक तारा धरा. थंडीत व्याध चांगला, ज्याला अरबीत शिअरा म्हणतात. उन्हाळा-पावसाळ्यात आकाश मोकळं मिळालं तर अभिजित. फोकस थोडं पुढे-मागे करा. तारा गोल राहण्याऐवजी लांबट रेघ होत असेल, तर आता डोकं हळूहळू एका खांद्याकडे झुकवा.

रेघ डोक्याबरोबर फिरली तर दोष तुमच्या डोळ्याचा. डोकं स्थिर ठेवून आयपीस त्याच्या नळीत फिरवलं आणि रेघ त्याच्याबरोबर फिरली, तर दोष आयपीसचा. दोन्ही वेळा रेघ जागची हलली नाही तर दुर्बिणीचे आरसे किंवा भिंग तपासायला हवेत. एवढं केल्याशिवाय दुकानदाराशी भांडायला जाऊ नका.

थोडा हिशेब

आयपीसमधून बाहेर पडणारा उजेड एका बारीक गोल झोतासारखा डोळ्यात शिरतो. त्या झोताची जाडी काढणं सोपं आहे: दुर्बिणीच्या तोंडाचा व्यास भागिले ती कितीपट मोठं दाखवते तो आकडा.

समजा दुर्बिणीचं तोंड १५० मिलिमीटर आणि तिची फोकल लांबी १२०० मिलिमीटर आहे. २५ मिलिमीटरचं आयपीस लावलं तर १२०० भागिले २५, म्हणजे ४८ पट. झोताची जाडी १५० भागिले ४८, म्हणजे साधारण ३.१ मिलिमीटर. आता १० मिलिमीटरचं आयपीस लावा. १२० पट झालं आणि झोत राहिला १.२५ मिलिमीटर.

झोत जितका बारीक, तितका डोळ्याच्या पडद्याचा छोटा तुकडा वापरला जातो. छोट्या तुकड्यात बाकाचा फरक कमी पडतो, म्हणून दोष झाकला जातो. घरी पटवून घ्यायचं असेल तर जाड कागदाला सुईने भोक पाडा, चष्मा काढा आणि त्या भोकातून भिंतीवरचं कॅलेंडर वाचा. अक्षरं एकदम सुधारतात. (सूर्याकडे मात्र असं चुकूनही बघू नका.)

ढोबळ अंदाज असा ठेवा. झोत एक मिलिमीटरच्या आसपास असेल तर बहुतेकांना चष्म्याची गरज भासत नाही. तीन मिलिमीटर किंवा जास्त असेल तर एक नंबरचा सिलिंडरही जाणवतो. आमच्या विद्यार्थिनीचा सव्वादोन होता आणि आम्ही तिला ३.१ मिलिमीटरच्या झोतासमोर उभं केलं होतं. कड दोन-दोन दिसणारच.

चष्मा न लावता काय करता येईल?

एक: दुसरा डोळा वापरा. फुकटचा आणि सगळ्यात सोपा उपाय. दोन्ही डोळ्यांचा सिलिंडर सारखा असतोच असं नाही. कागद बघा आणि ज्या डोळ्याचा आकडा कमी तो लावा. आपण सवयीने उजवा लावतो, एवढंच.

दोन: जास्त मोठं करणारं आयपीस लावा. वरच्या हिशेबाप्रमाणे झोत बारीक होतो. चाँदावरचे खड्डे, गुरूचे उपग्रह, शनीची कडी बघताना तसंही तेच आयपीस लागतं. म्हणजे तिथे चष्म्याचा प्रश्न बऱ्याच अंशी आपोआप सुटतो.

तीन: मोठा चाँद बघताना दुर्बिणीच्या तोंडावर पुठ्ठ्याचं झाकण लावून त्यात छोटं गोल भोक ठेवा. १५० चं तोंड ७५ चं केलं तर ४८ पटीला झोत दीड मिलिमीटरवर येतो. उजेड आणि बारकावे कमी होतात, पण चाँद इतका तेजस्वी असतो की चालून जातं. अंधुक तारकागुच्छांसाठी हा उपाय नाही.

चार: आयपीसवरच नंबर बसवा. अमेरिकेतल्या टेली व्ह्यू कंपनीचं डायऑप्ट्रिक्स नावाचं भिंग यासाठीच निघालं आहे. त्यात फक्त सिलिंडर असतो. वेगवेगळ्या नंबरांत मिळतं आणि त्या कंपनीच्या ठरावीक आयपीसवर बसतं. पण ते महाग पडतं आणि आपल्या शाळेच्या साध्या आयपीसवर बसत नाही.

त्यावर देशी तोड आहे. चष्म्याच्या दुकानात जाऊन फक्त सिलिंडर नंबरचं एक भिंग, साधा नंबर शून्य ठेवून, आयपीसच्या मापात गोल घासून मागा. किंवा जुन्या चष्म्याचं भिंग घ्या. त्यात साधा नंबर असला तरी बिघडत नाही, तो फोकसच्या चाकात जिरतो. मात्र दोन नंबरांचं, म्हणजे खाली वाचायचा भाग असलेलं किंवा प्रोग्रेसिव्ह भिंग चालणार नाही. पुठ्ठ्याची किंवा प्लॅस्टिकच्या झाकणाची कडी करून भिंग आयपीसच्या वर, मधोमध बसेल असं ठेवा. आतला खोलगट भाग डोळ्याकडे. गोंद आयपीसला लावू नका.

आता ताऱ्याकडे बघत ती कडी हळूहळू फिरवा. एका जागी रेघ लांब होईल, तिथून पाव फेरा फिरवला की ती आखडून बिंदू होईल. तीच तुमची जागा. कडीवर नेलपॉलिशचा ठिपका द्या. डोकं वाकडं केलं की कोन बदलतो, तेव्हा पुन्हा थोडं फिरवावं लागतं. आणि पुढचा माणूस आला की कडी काढून ठेवा, तुमचा नंबर त्याच्या कामाचा नाही.

हा जुगाड कमी पटीच्या आयपीसवर चालतो, कारण तिथे डोळा थोडा लांब ठेवला तरी पूर्ण चित्र दिसतं. १० मिलिमीटरच्या साध्या आयपीसला डोळा अगदी चिकटवावा लागतो, मध्ये भिंगाला जागा उरत नाही. पण तिथे झोतच बारीक, त्यामुळे गरजही कमी.

पाच: सिलिंडरच्या कॉन्टॅक्ट लेन्स मिळतात, त्यांना टोरिक म्हणतात. त्या मात्र डोळ्यांच्या डॉक्टरांना विचारूनच. केवळ दुर्बिणीसाठी मुलांना लावायला आम्ही सांगणार नाही.

हे कळलं कसं?

उजेड वस्तूवरून निघून डोळ्यात येतो, डोळ्यातून बाहेर जात नाही, हे इब्न अल-हैसम यांनी हजार वर्षांपूर्वी आपल्या 'किताब अल-मनाझिर'मध्ये प्रयोगांच्या आधारे मांडलं. त्यांचा जन्म बसऱ्याचा. पुढे १८०१ मध्ये इंग्लंडच्या थॉमस यंग यांनी स्वतःच्या डोळ्यातला हा दोष मोजून दाखवला. आणि त्यावर पहिला उपयोगी चष्मा कुणी काढला? एका खगोलशास्त्रज्ञाने. जॉर्ज एअरी यांना डाव्या डोळ्याने उजेडाचा बिंदू रेघेसारखा दिसायचा. १८२५ मध्ये त्यांनी हिशेब मांडला आणि इप्सविच गावातल्या फुलर नावाच्या चष्मेवाल्याकडून सिलिंडरचं भिंग घडवून घेतलं. पुढे ते ग्रीनिच वेधशाळेचे प्रमुख झाले. म्हणजे गावातल्या चष्मेवाल्याकडे जाऊन भिंग घासून घ्यायची रीत दोनशे वर्षांची आहे, लाजायचं कारण नाही.

चाँद रातीला विशेष काळजी

बसऱ्याचा आणखी एक किस्सा प्रसिद्ध आहे. हजरत अनस बिन मालिक (रजि.) फार वृद्ध झाले होते. लोक रमजानचा चाँद बघायला जमले. ते म्हणाले, मला दिसला, तो बघा. इतर कुणालाच दिसेना. इयास बिन मुआविया, जे पुढे बसऱ्याचे काझी झाले, त्यांनी पाहिलं की हजरत अनस यांच्या भुवईचा एक पांढरा केस वाकून डोळ्यासमोर आला आहे. त्यांनी अदबीने तो केस सारखा केला आणि म्हणाले, आता दाखवा. तेव्हा ते म्हणाले, आता दिसत नाही.

यात कुणाच्या सच्चेपणावर बोट नाही. बघणारा खरा असतो, पण डोळ्यासमोर केस येऊ शकतो. आज त्या केसाच्या जागी सिलिंडर नंबर आहे. संध्याकाळी पश्चिमेला शुक्र असेल तर अशा डोळ्याला तो तिरप्या रेघेसारखा दिसू शकतो. शिवाय दुर्बिणीतून शुक्र कधीकधी खरोखरच छोट्या कोरीसारखा दिसतो. उलट बाजूने, खरी बारीक कोर पसरून फिकट होते आणि दिसायची राहून जाते. दुर्बिणीने पाहिलेला चाँद धरायचा की नाही, हा उलेमांचा विषय आहे, त्यात आम्ही पडत नाही. आमचं म्हणणं इतकंच, की गवाही देणाऱ्याला आपल्या डोळ्याचा नंबर माहीत असावा आणि चष्मा असेल तर तो त्या दिवशी खिशात नको, डोळ्यावर असावा.

आणि एक गोष्ट ठळक लक्षात ठेवा: सूर्य पूर्ण बुडाल्याशिवाय दुर्बीण पश्चिमेकडे वळवू नका. दुर्बिणीतून सूर्याचा एक क्षण डोळा कायमचा घालवू शकतो.

पालकांना विनंती

मूल डोळे बारीक करून फळा बघत असेल, मान तिरकी करत असेल, वारंवार डोळे चोळत असेल, तर तपासणी करून घ्या. डोळे चोळायची सवय तर मोडाच, तिने पडद्याचा आकार आणखी बिघडू शकतो. मुलीला चष्मा लागला तर लग्नाच्या वेळी काय, या काळजीने नंबर लपवू नका.

आमच्या त्या विद्यार्थिनीने पुढच्या वेळी डावा डोळा लावला. बराच वेळ काही बोलली नाही. मागून एकजण ओरडला, "आटप ना!" ती तशीच वाकून म्हणाली, "थांब, आत्ता खरं दिसतंय." आम्ही रांग थांबवली. आता आमच्या गच्चीवर एक नियम आहे: कुणी "नाही दिसलं" म्हटलं तर हसायचं नाही, आधी त्याचा नंबर विचारायचा.