केडगावची ‘अन्य भाषा’ आणि कृपादानांचा प्रश्न

पवित्र आत्म्याकडून भक्तांस लाभणाऱ्या शक्तींना नव्या करारात ‘खारिस्माता’, म्हणजे कृपादाने, असे ग्रीक नाव आहे. रोगनिवारण, संदेशकथन, न शिकलेल्या भाषेत बोलणे ही त्यांपैकी काही. ही दाने प्रेषितांच्या काळापुरतीच होती की आजही लाभतात, या वादातील एक महत्त्वाचा प्रसंग महाराष्ट्रात घडला आहे. तो पंडिता रमाबाईंच्या केडगाव येथील मुक्ती सदनातला. (हे केडगाव पुणे जिल्ह्याच्या दौंड तालुक्यातील, सांगली जिल्ह्यातील कडेगाव नव्हे.)

जून १९०५ मध्ये तेथील मुली प्रार्थनेत आक्रोश करू लागल्या. अंगात अग्नी पेटल्याचा अनुभव सांगू लागल्या. १९०६ च्या अखेरीस काहीजणी अन्य भाषांत बोलू लागल्या. वेल्समधील १९०४ च्या जागृतीची वार्ता येथे पोहोचली होती. परंतु लॉस एंजलिसची सुप्रसिद्ध अझुसा स्ट्रीट चळवळ एप्रिल १९०६ ची, म्हणजे केडगावच्या जागृतीनंतरची आहे.

दाने संपली असे मानणारे करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या १३ व्या अध्यायाकडे बोट दाखवतात. ‘पूर्ण’ ते आल्यावर अपूर्ण ते सरेल, असा तेथील आशय. ‘पूर्ण’ म्हणजे नव्या कराराचा पूर्ण झालेला ग्रंथसंग्रह, असे ते सांगतात. मूळ शब्द ‘तेलेइऑन’. आमच्या मते संदर्भ हा अर्थ पेलत नाही. तेथे समोरासमोर पाहण्याची भाषा आहे, ग्रंथसंग्रहाचा उल्लेखही नाही. प्रिन्स्टनच्या वॉरफिल्ड यांनी १९१८ मध्ये निराळा युक्तिवाद केला : चमत्कार हे प्रेषितांचे अधिकारपत्र होते, प्रेषितांबरोबर तेही गेले.

मग अनुभव निर्णायक मानावा काय? अल्बर्ट नॉर्टन या मिशनऱ्याने मुक्तीतील एक मुलगी इंग्रजीत प्रार्थना करीत असल्याचे स्वतः ऐकल्याचे लिहिले. साक्ष प्रामाणिक असेल. पण सदनात इंग्रजी बोलणाऱ्या मिशनरी स्त्रिया वावरत होत्या, हेही विसरता येत नाही. पाली वाचकांस येथे केवट्टसुत्त आठवेल : ऋद्धी पाहूनही अश्रद्ध मनुष्य तिला गांधारी विद्या म्हणेल, म्हणून भगवंतांनी तिचे प्रदर्शन नाकारले.

त्याच पत्राचा १४ वा अध्याय व्यवहाराचा नियम देतो : दोघातिघांनीच क्रमाने बोलावे, अर्थ सांगणारा नसेल तर गप्प राहावे. मात्र तोच अध्याय पुढे स्त्रियांनाही सभेत गप्प बसवतो, आणि ‘प्रेषितांची कृत्ये’ या ग्रंथाचा दुसरा अध्याय मुलींनाही संदेशकथनाचा अधिकार देतो. दुष्काळातून वाचलेल्या, विधवा म्हणून टाकून दिलेल्या मुलींच्या दृष्टीने हा वाद केवळ पंडिती नव्हता. दाने संपली म्हटले की त्यांच्या वाणीचा आधारच जात होता. उलट अनुभवालाच प्रमाण मानले, तर जिला तो आला नाही तिची श्रद्धा उणी ठरत होती.

रमाबाईंनी मुलींना अडवले नाही. पण अन्य भाषा हीच आत्मप्राप्तीची अनिवार्य खूण, असाही आग्रह धरला नाही. त्या स्वतः हिब्रू व ग्रीक मुळावरून बायबलचे सुबोध मराठी भाषांतर करीत राहिल्या. ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांचे निधन झाले. १९२४ मध्ये ते प्रसिद्ध झाले. त्याचे खिळे मुक्तीतल्याच स्त्रियांनी जुळवले होते.