डोंगर नसलेल्या मुलखात

बदलीचा आदेश हाती पडला की अधिकारी प्रथम शाखेचे नाव वाचतो, मग मुलांच्या शाळेचा आणि वृद्ध आईवडिलांचा विचार करतो. तो पुण्या-नाशिककडचा असेल आणि तरुणपणी त्याचे रविवार राजगड, हरिश्चंद्रगड, रतनगड यांच्या वाटांवर गेले असतील, तर आणखी एक प्रश्न त्याच्या मनात येतो; तो मात्र कार्मिक विभागाला विचारता येत नाही. तेथे डोंगर आहे का? लखनौ, कानपूर, मेरठ, वाराणसी यांपैकी कोणतेही नाव असले तरी उत्तर एकच. नाही.

पहिल्या वर्षी पाठपिशवी कपाटावर जाते, दुसऱ्या वर्षी तिच्यावर धूळ बसते. सुटीच्या दिवशी उशिरा उठणे, दुपारी पुरी-भाजी, सायंकाळी बाजार. तिसऱ्या वर्षी वैद्यकीय तपासणीत साखर आणि रक्तदाब यांचे आकडे बदललेले दिसतात. गडावर जाणे हा आपला केवळ छंद नव्हता, आठवडाभर खुर्चीत बसणाऱ्या शरीराचा तो एकमेव व्यायाम होता, हे तेव्हा कळते. ‘चालण्यासारखे काही नाही’ ही तक्रार म्हणूनच तपासून पाहिली पाहिजे.

लखनौ समुद्रसपाटीपासून सुमारे १२० मीटर उंच आहे, वाराणसी सुमारे ८० मीटर. दोन्ही शहरांत रस्त्याने सुमारे ३०० किलोमीटरचे अंतर आणि एवढ्या प्रवासात उतार अवघा ४० मीटरचा! आपल्या कळसूबाईची उंची १६४६ मीटर. या हिशेबाने गंगेच्या मैदानाची तुलना सह्याद्रीशी करणेच व्यर्थ. परंतु सपाट म्हणजे एकसारखे, हा समज पायांनी पाहिल्यावर टिकत नाही. येथील शेतकरी आपल्या जमिनीचे दोन भाग मानतो. नदीचा पूर जेथे पोहोचत नाही ती जुनी, उंचवट्याची जमीन ‘बांगर’. दर पावसाळ्यात नवा गाळ जेथे येऊन पडतो ती ‘खादर’. बांगराच्या मातीत चुनखडीचे खडे सापडतात, त्यांना कंकर म्हणतात. खादराची माती मऊ, वालुकामय आणि दरवर्षी चेहरा बदलणारी. बांगर संपून खादर सुरू होते तेथे काही ठिकाणी मातीचा उभा कडा लागतो. सह्याद्रीच्या माणसाला तो कडा म्हणजे थट्टा वाटेल. पण दिवसभर समपातळीवर चालल्यावर त्या काठावर उभे राहून खाली पसरलेली नदी, वाळू आणि पिवळी मोहरी पाहिली की पाच-दहा मीटरचीही उंची किती असते ते समजते.

चालण्याच्या वेळेचा एक जुना आडाखा गिर्यारोहकांत प्रसिद्ध आहे. विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये तो मांडला. दर पाच किलोमीटरला एक तास धरावा आणि प्रत्येक ६०० मीटर चढाईला आणखी एक तास जोडावा. मैदानात या हिशेबातील दुसरी रक्कम शून्य असते. म्हणून ज्या वेळात राजगड चढून उतरता येतो, त्या वेळात येथे २५ ते ३० किलोमीटर चाल होते. हिवाळ्यात येथील दिवस साडेदहा तासांचा असला तरी विश्रांतीसह एवढी चाल उजेडात पूर्ण होते. मात्र हा सौदा दिसतो तेवढा स्वस्त नाही. चढ-उतारावर स्नायू आळीपाळीने राबतात, सपाटीवर तेच स्नायू आणि तळव्याचा तोच भाग हजारो वेळा एकाच रीतीने वापरला जातो. पहिल्या मोठ्या चालीनंतर बहुतेकांना दम लागलेला नसतो, पण तळव्यांना फोड आलेले असतात. मऊ, रुळलेले बूट आणि एक जादा कोरडा मोज्यांचा जोड येथे दोरखंडाहून मोलाचा.

चालायचे कोठे, हा खरा प्रश्न. डोंगरात शिखर दिसते आणि वाट आपोआप ठरते. मैदानात शिखराची जागा पाणी घेते. भारतीय सर्वेक्षण विभागाचे १:५०,००० प्रमाणाचे नकाशे २०१७ पासून संकेतस्थळावर विनामूल्य मिळू लागले. त्यांत समोच्च रेषा शोधू नयेत, निळ्या रेषा शोधाव्यात. कालवा, त्याची पटरी, पुराचा बंधारा, नदीवरचा घाट, आमराई. शेतांतून जाण्यासाठी आणखी एक सोय आहे, ती नवख्याला ठाऊक नसते. उत्तर प्रदेशात १९५३ च्या कायद्यानुसार शेतजमिनींचे एकत्रीकरण, म्हणजे चकबंदी झाली. त्या वेळी शेतापर्यंत पोहोचण्यासाठी सार्वजनिक वाटा आखल्या गेल्या. त्यांना ‘चकरोड’ म्हणतात. त्या गावाच्या नकाशात दाखविलेल्या असतात. उसाच्या दोन भिंतींमधून जाणारी अशी वाट पुढे विटा उभ्या रचलेल्या ‘खड़ंजा’ला मिळते, खड़ंजा गावात नेतो, गावात चहा मिळतो.

एखाद्या नवागताने पहिली मोठी चाल कोणती निवडावी असे विचारले तर नि:शंकपणे सांगावे, हरिद्वार ते रुडकी. हा भाग २००० सालापासून उत्तराखंडात आहे. अंतर सुमारे ३० किलोमीटर, सोबतीला सतत वाहता गंगेचा कालवा.

हा कालवा दुष्काळातून जन्मला. १८३७-३८ मध्ये गंगा-यमुनेच्या दुआबात भीषण दुष्काळ पडला, माणसे लाखोंनी मेली. त्यानंतर प्रोबी कॉटली या अभियंत्याची योजना पुढे आली आणि १८४२ मध्ये खोदाईस आरंभ झाला. हरिद्वारच्या पुरोहितांनी गंगेला बांध घालण्यास विरोध केला, तेव्हा बांधात प्रवाहासाठी मोकळी जागा ठेवण्यात आली आणि घाटांची दुरुस्तीही करून देण्यात आली. एप्रिल १८५४ मध्ये कालव्यात पाणी सोडले गेले. या कामासाठी माणसे घडवावीत म्हणून रुडकीत १८४७ मध्ये अभियांत्रिकी महाविद्यालय निघाले. आजची भारतीय प्रौद्योगिकी संस्था ती हीच.

हरिद्वारजवळ शिवालिक टेकड्यांतून उतरणारे ओढे कालव्याला आडवे येतात. वर्षातील बराच काळ ते कोरडे असतात, पावसाळ्यात मात्र उन्मत्त होतात. कॉटलीपुढील सर्वांत कठीण प्रश्न हाच होता आणि त्याची उत्तरे चालणाऱ्यास एकाच दिवसात क्रमाने पाहावयास मिळतात. प्रथम रानीपूर आणि नंतर पथरी येथे ओढा पुलावरून कालव्याच्या डोक्यावरून नेला आहे. हिवाळ्यात आपण वाळूच्या कोरड्या पात्रापाशी उभे असतो आणि भरलेला कालवा त्या पात्राखाली नाहीसा होऊन पलीकडे पुन्हा प्रकट होतो. पुढे धनौरीला रतमऊ नदी आणि कालवा एकाच पातळीवर भेटतात. तेथे दरवाजांच्या साहाय्याने पुराचे पाणी एका बाजूने आत घेऊन दुसऱ्या बाजूने बाहेर सोडतात. आणि रुडकीच्या वेशीवर सोलानी नदीपाशी सारे उलटते. तेथे नदी खाली राहते आणि पंधरा कमानींच्या जलसेतूवरून कालवाच नदी ओलांडतो. नदी वरून, नदी बरोबरीने, नदी खालून. गडावर जाणारा माची, बालेकिल्ला, टाके पाहत जातो. येथे या ओलांडण्या पाहत जावे.

धनौरी आणि सोलानी यांच्या दरम्यान पीरान कलियर लागते. तेराव्या शतकातील चिश्ती संत अलाउद्दीन साबिर यांचा हा दर्गा. सर्व धर्मांचे लोक येथे येतात, आणि थकलेल्या पायांना येथे सावली आणि खाणे दोन्ही मिळते. तेथून सोलानीपर्यंतचा भाग दुपार कलताना चालावा. जलसेतूच्या टोकांना दगडी सिंह बसले आहेत आणि तिरक्या उन्हात ते फार देखणे दिसतात. मराठी माणसाने येथे क्षणभर थबकावे, असे आणखी एक कारण आहे. आपण १६ एप्रिल १८५३ च्या मुंबई-ठाणे गाडीचा अभिमान बाळगतो आणि प्रवासी गाडी म्हणून तो यथार्थच आहे. पण या जलसेतूसाठी माती वाहून आणण्यास डिसेंबर १८५१ मध्येच रुडकीत वाफेचे इंजिन रुळांवर धावले होते. संध्याकाळी रुडकीहून आगगाडीने हरिद्वारला परतता येते.

दसऱ्यापासून दिवाळीपर्यंत दुरुस्तीसाठी कालवा बंद ठेवतात. त्या काळात हरिद्वारला उघड्या तळातून नाणी वेचणारी माणसे दिसतात, परंतु चालण्याची मजा वाहत्या पाण्यासोबतच आहे. म्हणून दिवाळी उलटू द्यावी. श्रावणात कावड यात्रेच्या गर्दीत तर या वाटेला जाऊच नये.

या कालव्याची पटरी पुढे मुझफ्फरनगर, मेरठ, गाझियाबादकडे जाते. तिच्यावरील झाडांची सावली ही चालणाऱ्याची खरी ठेव. ती ठेव आता खर्ची पडू लागली आहे. याच पटरीवर कावड यात्रेकरूंसाठी रस्ता करण्याकरिता या तीन जिल्ह्यांत झाडांची तोड झाली आणि २०२४ मध्ये हे प्रकरण राष्ट्रीय हरित लवादापुढे आले. लाखो पायी यात्रेकरूंना सुरक्षित रस्ता हवा, हे खरे. पण पायी जाणाऱ्यासाठी रस्ता करताना सावलीच नाहीशी व्हावी, हा व्यवहार कोणत्याही लेखापालास पटणारा नाही.

मैदानी मुलखातील लोक मात्र पूर्वीपासून चालत आले आहेत, आणि त्यांच्या वाटा परिक्रमेच्या आहेत. डोंगर नाही म्हणून त्यांनी वर्तुळ शोधले. वर्तुळाचा लाभ असा की निघालो तेथेच परतता येते, वाहनाची सोय पाहावी लागत नाही. अयोध्येत कार्तिक शुद्ध नवमीला चौदा कोसांची आणि एकादशीला पाच कोसांची परिक्रमा होते. त्याच कार्तिकी एकादशीला आपल्याकडे पंढरपूर गजबजलेले असते, हे सांगावयास नकोच. दिवे घाट सोडला तर आळंदीहून निघालेला वारकरीही बहुतांशी सपाटीवरच चालतो. तो डोंगर नाही म्हणून कधी कुरकुरल्याचे ऐकिवात नाही.

दिवसभराच्या चालीसाठी या परिक्रमांत मथुरेजवळील गोवर्धन सर्वांत सोयीची. सात कोस, म्हणजे सुमारे २१ किलोमीटर. येथे नावाला का होईना, पर्वत आहे. लांबट, बुटका, खडकाळ उंचवटा. भाविक त्यावर पाय ठेवीत नाहीत, त्याच्या कडेने चालतात. दानघाटीहून निघून आन्योर, पूंछरी, जतीपुरा असा दक्षिणेकडचा फेरा होतो, मग उत्तरेकडे राधाकुंड आणि कुसुम सरोवर. अनेक जण अनवाणी चालतात आणि त्यांच्यासाठी डांबरी रस्त्याच्या आतल्या बाजूने कच्ची, मऊ वाट आहे. गुडघ्यांचा त्रास असणाऱ्यानेही तीच धरावी. कुसुम सरोवरावर भरतपूरच्या सूरजमल राजाची छत्री आहे. १७६१ मध्ये पानिपतच्या रणातून होरपळून परतणाऱ्या मराठ्यांना याच राजाने आश्रय दिला, अन्नवस्त्र दिले. पाण्याच्या पायऱ्यांवर बसून पाय मोकळे करताना ही आठवण मनात येते आणि जागा परकी राहत नाही. पौर्णिमेच्या आसपास येथे अफाट गर्दी असते. ती ज्याला आवडते त्याने जावे, इतरांनी मधला आठवडा साधावा.

काशीची पंचक्रोशी मोठी, सुमारे ८० किलोमीटर. परंपरेने पाच मुक्कामांची. महाशिवरात्रीला काही जण ती एका दिवसा-रात्रीत पुरी करतात, त्यांचे अनुकरण कार्यालयीन प्रकृतीच्या माणसाने करू नये. मणिकर्णिकेपासून निघावे, पहिला टप्पा कर्दमेश्वर, दुसरा भीमचंडी. एका दिवशी एक किंवा दोन टप्पे घ्यावेत आणि उरलेले पुढच्या रविवारी. कर्दमेश्वराचे मंदिर काशीतील जुन्या मंदिरांपैकी एक आहे, त्याच्या भिंतीवरील कोरीवकाम निवांत पाहावे.

ऋतूचा प्रश्न येथे कडक आहे. एप्रिलपासून ऊन चढते, मे-जूनमध्ये पारा ४० अंशांच्या वर जातो आणि ‘लू’ वाहते. त्या दिवसांत सूर्योदयानंतर दोन तासांहून अधिक चालणे हे धाडस नव्हे, अविचार आहे. पावसाळ्यात खादर पाण्याखाली. डिसेंबरच्या अखेरीपासून जानेवारीभर दाट धुके. दहा पावलांवरचे दिसत नाही आणि रस्त्याकडेने चालणारा वाहनचालकालाही दिसत नाही. राहिले मध्य नोव्हेंबर ते मध्य डिसेंबर आणि फेब्रुवारी ते मध्य मार्च. या अडीच महिन्यांत शेतांत सारस पक्ष्यांची जोडी हमखास भेटते, नदीत चक्रवाक उतरलेले असतात, आणि पश्चिमेकडील जिल्ह्यांत गुऱ्हाळे चालू असल्याने ताजा गूळ मिळतो.

पाणी शक्यतो घरून न्यावे. हातपंप गावोगाव आहेत, परंतु बलियासारख्या पूर्वेकडील जिल्ह्यांत उथळ भूजलात आर्सेनिक आढळले आहे. लाल रंग दिलेला पंप दिसला तर पाणी पिऊ नये. हाती एक काठी असावी, कारण गावच्या वेशीवर कुत्री असतात आणि मोकाट वळू शेतांतून फिरतात. त्या वळूंसाठीच बांधावर धारदार तार ओढलेली असते, म्हणून वाट सोडून शेतात शिरू नये.

गंगा ओलांडण्याची एक खास सोय हिवाळ्यातच असते. पूर ओसरल्यावर लोखंडी पिंपांवर फळ्या टाकून पीपा पूल बांधतात आणि पावसाळ्यापूर्वी तो काढून घेतात. त्या पुलावरून पलीकडच्या वाळूत उतरले की पुढे मैलोगणती मोकळे असते. कलिंगडांचे वाफे, एखादी झोपडी, क्षितिजापर्यंत दुसरे काही नाही. पाण्यालगतची ओली, चकाकणारी वाळू टाळावी, तेथे पाय रुततो. निघण्यापूर्वी पूल बांधून झाला आहे की नाही याची चौकशी आदल्या दिवशीच घाटावरच्या नावाड्याकडे करावी. नसल्यास तोच पलीकडे सोडतो, पण परतीची वेळ त्याच्याशी आधीच ठरवून घ्यावी लागते.